लाखेच्या तबकडीतली दगडाची खरखर

गेल्या महिन्यात एका ऑनलाइन दुकानात १९३८ सालचं एक स्विंगचं, म्हणजे त्या काळच्या नाचाच्या जॅझचं, ध्वनिमुद्रण दिसलं. वर 'हाय-रेस, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ' असा शिक्का आणि किंमत साध्या फाइलीच्या तिप्पट. पुण्यात आम्ही दहा-बारा जण लिंडी हॉप नाचतो आणि तिथे गाणी लावायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे तासाभरात ग्रुपवर प्रश्न आलाच : "आपण हे घ्यायला नको का? एमपीथ्रीवर नाचतोय म्हणजे अगदीच..."

नको, असं मी लिहिलं. कारण सांगायला मात्र पुढची अख्खी संध्याकाळ गेली.

लिंडी हॉप हा न्यूयॉर्कच्या हार्लेमचा नाच. तिथली सॅव्हॉय बॉलरूम १९२६ मध्ये उघडली आणि १९५८ मध्ये बंद पडली. ड्रमवादक चिक वेबचा वाद्यवृंद तिथला घरचा. त्या काळचं हे संगीत आपल्यापर्यंत आलं ते मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकड्यांवरून, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. आता शाळेतलं आठवा : आवाज फाइलीत उतरवताना सेकंदाला त्याचे जितके नमुने घ्याल, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज पकडता येतो. सीडीचे ४४,१०० नमुने २२ हजार कंपनांपर्यंत पुरतात आणि माणसाचा कान तरुणपणीही वीस हजारांच्या पुढे जात नाही. १९२ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुन्यांची, फाइल ९६ हजारांपर्यंत जाते. आणि १९३८ च्या तबकडीवर संगीत असतं साधारण आठ हजारांपर्यंत. वरची सगळी जागा वटवाघळांसाठी राखीव ठेवायला माझी हरकत नाही, पण तिचे पैसे त्यांनी भरावेत.

तरी त्या जागेत काहीतरी असतंच. खरखर असते. ती कुठून येते, हा या सगळ्यातला माझा सर्वांत लाडका भाग.

त्या तबकड्या चपड्याच्या, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेच्या. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर बसणाऱ्या किड्याची ही लाख. हार्लेमच्या संगीताला लागणारी बरीचशी लाख आपल्याच देशातून जायची. युद्धात पुरवठा धोक्यात आला, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीच्या चपड्यावर कडक मर्यादा घातली होती. पण तबकडीत लाख असायची थोडी. बाकीचा बराच ऐवज म्हणजे दगडाची बारीक पूड. तीही मुद्दाम घातलेली : पोलादी सुई सुरुवातीच्या काही फेऱ्यांत या पुडीवर घासून चराच्या आकाराची व्हावी म्हणून. तेव्हा जुन्या गाण्यामागचा तो पावसासारखा आवाज हा अक्षरशः दगडावर घासणाऱ्या सुईचा आवाज आहे.

आता चराकडे बघू. या तबकड्यांत संगीत कोरलेलं असतं आडवं : चर डावी-उजवीकडे नागमोडी जातो, त्याची खोली तीच राहते. आज आपण अशी तबकडी फाइलीत उतरवतो, तेव्हा सुई बहुधा स्टिरिओ असते. तिची रचना अशी, की ती आडवी हलली की डाव्या आणि उजव्या दोन्ही वाहिन्यांत सारखाच संदेश उमटतो. वर-खाली हलली की एकीत धन, दुसरीत ऋण. दोन्ही वाहिन्यांची बेरीज केली की आडवी हालचाल उरते, वजाबाकी केली की उभी. आणि उभ्या हालचालीत संगीत नसतंच! दगडाचे कण, धूळ, ओरखडे, तबकडीचा बाक, एवढंच. (अगदी थोडं आणखी एक : चर कापणारी छिन्नी सपाट असल्यामुळे वळणाच्या उतारावर चर किंचित अरुंद होतो, तिथे सुई वर ढकलली जाते, एका कंपनात दोनदा, आणि दुप्पट कंपनसंख्येचा एक नको असलेला सूर तयार होतो. तोही उभाच, म्हणून बेरजेत मरतो. हे वाक्य कळलं नाही तरी चालेल, पण मला लिहायचंच होतं.)

हे स्वतः करून बघा. आवाज संपादित करायच्या कुठल्याही मोफत प्रोग्रॅममध्ये अशी फाइल उघडा, एक वाहिनी उलटी करा आणि दोन्ही मिसळा. मी केलं तेव्हा ट्रम्पेट गेले, ड्रम गेले, गाणारी बाई गेली. राहिली नुसती सरसर आणि दर पाऊण सेकंदाला एक 'टक्'. साठला अठ्ठ्याहत्तरने भागलं की ०.७७ येतात, म्हणजे एकच ओरखडा, दर फेरीला सुईखाली येणारा.

उलट बेरीज केली, म्हणजे फाइल मोनो केली, की दोन्हीकडचं संगीत एकमेकांत भर घालतं आणि खरखर तितकी वाढत नाही. दोन्हीकडची खरखर एकमेकींशी पूर्ण असंबद्ध असेल तर तीन डेसिबलचा फायदा, तोही फुकट.

एमपीथ्रीचं खरं दुखणंही इथेच आहे. एमपीथ्री एका वेळी १,१५२ नमुन्यांचा घास घेते, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांचा, आणि कानाला ऐकू येणार नाही ते टाकून देते. दोन्ही वाहिन्या सारख्या असतील तर ती हुशारीने बेरीज आणि वजाबाकी वेगवेगळी साठवते. वजाबाकी शून्य, खर्चही जवळजवळ शून्य. पण वजाबाकीत दगडाची पूड भरलेली असेल तर? खरखरीला ना आकार, ना पुनरावृत्ती. तिला आटवता येत नाही. सेकंदाला १२८ किलोबिटच्या (यालाच बिटरेट म्हणतात) तुटपुंज्या शिध्यातला मोठा वाटा कचराच खातो आणि झांजांना पाण्यात बुडाल्यासारखा आवाज येतो. म्हणून जुन्या गाण्याला कमी बिटरेट नव्या गाण्यापेक्षा जास्त बाधतो. ३२० ला हा प्रश्न उरत नाही. फ्लॅक, म्हणजे काहीही न टाकता आटवलेली फाइल, मिळाली तर घ्यावी, साठवायला उत्तम. पण १२८ च्या फाइलीची फ्लॅक करणं म्हणजे पाणी घातलेलं दूध चांदीच्या गडव्यात ओतणं.

मोनोचा दुसरा फायदा हॉलमध्ये. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस स्टिरिओ आलं तेव्हा काही ध्वनिमुद्रणांत ड्रम पूर्ण एका बाजूला टाकलेले असतात. दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर लावलेत तर लांबच्या कोपऱ्यातल्या जोडीचा ठेकाच हरवतो.

सामानाबद्दल थोडक्यात. लॅपटॉप आणि बाहेरचा यूएसबी साउंड कार्ड, दोन स्वतंत्र आउटपुटवाला, म्हणजे पुढचं गाणं हेडफोनवर आधी ऐकता येतं. ठेके जुळवत गाणी एकमेकांत मिसळणारी महागडी यंत्रं नकोत; जिवंत वादकांची लय थोडी सरकतेच आणि इथे प्रत्येक गाणं पुरतं वाजू द्यायचं असतं. आवाज समान करायचा तर नव्या सीड्यांचा कमी करा, जुन्यांचा चढवत बसू नका. ब्लूटूथ टाळा, त्यात आवाजाला होणारा उशीर नाचणाऱ्यांना जाणवणार नाही, पण ऐन रंगात आलेल्या फोनची रिंग सगळ्यांना जाणवेल. सोन्याचा मुलामा दिलेल्या हजारोंच्या यूएसबी केबली आणि ग्रहशांतीचे खडे मी एकाच कप्प्यात ठेवतो : शून्य आणि एक कुठल्याही धड केबलीतून सारखेच जातात.

पहिल्याच कार्यक्रमात मला गाठलं ते घुमण्याने. सगळ्या फाइली मोनो करून, खरखर चाळून गेलो होतो आणि स्पीकरमधून 'हूंऽऽ' चालूच. लॅपटॉपचा चार्जर आणि अँप्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटवर, दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक, आणि त्यातून घुसलेली विजेची ५० कंपनं. चार्जर उपटला. बॅटरी ६४ टक्के होती. पडद्याचा उजेड कमी केला, ती शेवटच्या गाण्यापर्यंत पुरली.