तात्पुरता पेसमेकर

हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयातील विद्युत्‌संदेश अडून ठोके फार मंदावले, तर ते काही दिवस बाहेरच्या यंत्राने चालू ठेवण्याचा उपाय. रुग्णालयांत याला ‘टीपीआय’ (टेम्पररी पेसमेकर इम्प्लांटेशन) म्हणतात.

अलिंदांकडून (हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून) निलयांकडे (खालच्या कप्प्यांकडे) जाणारा संदेश ज्या गाठीतून जातो, तिला सुमारे ९० टक्के माणसांत उजव्या हृद्‌रोहिणीचे (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीचे) रक्त मिळते. त्यामुळे हृदयाच्या खालच्या भिंतीच्या झटक्यात संदेशाचा रोध बहुधा या गाठीतच होतो. ठोके मिनिटाला ४० ते ६० राहतात, अ‍ॅट्रोपिन या औषधाने अनेकदा वाढतात आणि रोध सहसा काही दिवसांत सुटतो. पुढच्या भिंतीच्या झटक्यात गाठीखालचे वहनतंतू निकामी होतात. ठोके बहुधा ४० च्या खाली आणि बेभरवशाचे असतात. येथे पेसमेकर बसवूनही मृत्यूचे प्रमाण मोठेच राहते, कारण घात होतो तो मुख्यतः स्नायूच्या व्यापक हानीने.

या उपायाच्या आद्यत्वाबद्दल मतभेद आहेत. ‘कृत्रिम पेसमेकर’ हे नाव न्यूयॉर्कच्या अ‍ॅल्बर्ट हायमन यांनी १९३२ च्या सुमारास रूढ केले. त्यांचे यंत्र हाताने किल्ली देऊन चाले. त्यामुळे जुने लेखक मान त्यांनाच देतात. परंतु सिडनीचे भूलतज्ज्ञ मार्क लिडविल यांनी १९२९ मध्येच अशा यंत्राची माहिती दिली होती. एक ध्रुव मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गादीतून त्वचेवर, दुसरा टोकापर्यंत विद्युत्‌रोधक वेष्टन असलेल्या सुईतून थेट हृदयात, अशी त्याची रचना होती. त्याने एक मृतवत् जन्मलेले अर्भक वाचल्याचेही त्यांनी नोंदवले. तारखा पाहता लिडविल यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. मात्र आजच्या पद्धतीचे मूळ दोघांकडेही नाही. पॉल झोल यांनी १९५२ मध्ये बॉस्टनला छातीवरून स्पंद दिले. ते वेदनादायक होते. सेमूर फर्मन यांनी १९५८ मध्ये शिरेतून तार हृदयात नेली आणि एका रुग्णाला ९६ दिवस तिच्यावर ठेवले.

तार मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून उजव्या निलयाच्या टोकाशी नेतात. ज्या किमान प्रवाहाला हृदय प्रतिसाद देते तो १ मिलिअँपिअरच्या आत असावा. प्रत्यक्षात त्याच्या दोन-तीन पट ठेवतात आणि रोज तपासतात. तार सरकणे, जंतुसंसर्ग व क्वचित निलयाला भोक पडणे हे धोके आहेत. किमान पाच दिवस वाट पाहूनही रोध न सुटल्यास कायमच्या पेसमेकरचा विचार होतो.