नजर एकीकडे, गाडी दुसरीकडे

गाडी शिकवणारे सांगतात, 'जिकडं बघशील तिकडं गाडी जाईल.' सल्ला चांगला, पण त्यातून गैरसमज होतो की नजरेची दिशा तीच आपल्या जाण्याची दिशा. पन्हाळ्याला जाताना कडेचे उसाचे फड बघत आपण सरळच जातो की!

पुढे जाताना समोरचं दृश्य एका बिंदूपासून चहूकडे फाकत जातं. तो न हलणारा बिंदू म्हणजे आपली दिशा, असं जेम्स गिब्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये मांडलं.

पण हे डोळा स्थिर असेल तरच जुळतं. रस्त्याकडेच्या वडावर नजर खिळवली, की डोळा त्याच्यासोबत वळत राहतो. त्यामुळे दृष्टिपटलावर अख्खं चित्र सरकतं आणि न हलणारा बिंदू वडावरच येऊन बसतो! तरी आपण वडाकडे निघालोय असं वाटत नाही. का?

डोळा वळल्याने होणारी सरक जवळच्या-लांबच्या वस्तूंना सारखीच असते. पुढे जाण्याने होणारी सरक अंतरानुसार बदलते: कडेचा ऊस सर्रकन मागे जातो, जोतिबाचा डोंगर जवळपास जागीच असतो. म्हणून एकाच दिशेला दिसणाऱ्या जवळच्या आणि लांबच्या बिंदूंचे वेग एकमेकांतून वजा केले, की डोळ्याचं वळणं कटून जातं. उरलेले वेगांचे बाण खऱ्या दिशेच्या बिंदूभोवतीच फाकलेले असतात. लाँगे-हिगिन्स आणि प्राझ्नी या संशोधकांचं १९८० मधलं हे गणित मला फार सुंदर वाटतं.

वॉरेन आणि हॅनन या संशोधकांनी १९८८ मध्ये माणसांना पडद्यावर नुसते हलते ठिपके दाखवले. डोळा वळल्याचा आभास ठिपक्यांतच मिसळला होता, तरी लोकांनी दिशा ओळखली. सगळे ठिपके एकाच सपाट भिंतीवर असल्यासारखे दाखवल्यावर मात्र अंदाज चुकले, कारण वजा करायला जवळ-लांब काही उरलंच नव्हतं. डोळा खरोखर वळवू दिला तर त्या भिंतीवरही दिशा कळते: डोळ्याच्या स्नायूंना 'वळा' असा हुकूम देताना मेंदू त्याची नोंद स्वतःसाठीही ठेवतो.

माकडांच्या मेंदूत 'एमएसटी' नावाच्या भागात अशा फाकणाऱ्या दृश्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आहेत. तिथे विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडला की माकडाचा दिशेचा अंदाज बदलतो. त्यातल्या कित्येक पेशींना कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाकडूनही खबर मिळते, त्यामुळे अंधारात नुसतं हलवलं तरी त्या चेततात.