मिशिगन विद्यापीठ फुटबॉल संघ : पारंपरिक लढती

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ १८७९ पासून मैदानात आहे. वेस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे आजची ‘बिग टेन’, या विद्यापीठ-संघटनेचा तो संस्थापक सदस्य. शेजारच्या ओहायो राज्यातील ओहायो स्टेट विद्यापीठाशी होणारा त्याचा वार्षिक सामना सर्वांत गाजलेला आहे. त्याखेरीज मिनेसोटा, मिशिगन स्टेट व नोत्र दाम या विद्यापीठांशीही त्याची जुनी चुरस आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र मिशिगनचा खरा प्रतिस्पर्धी शिकागो विद्यापीठ हा होता. मिशिगनचे विजयगीतही १८९८ मध्ये शिकागोवर मिळवलेल्या १२–११ अशा निसटत्या विजयानंतर एका विद्यार्थ्याने रचले. शिकागोने १९३९ च्या मोसमानंतर संघच बंद केला आणि ती लढत इतिहासजमा झाली.

ओहायो स्टेट : या वैराचे मूळ ‘टोलेडो युद्धा’त असल्याचे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. १८३५–३६ मध्ये टोलेडो शहरालगतच्या पट्ट्यावरून ओहायो राज्य व तेव्हाचा मिशिगन प्रदेश यांनी एकमेकांविरुद्ध सशस्त्र पथके उभी केली. लढाई अशी झालीच नाही. एका झटापटीत मिशिगनच्या एका अधिकाऱ्याला चाकू लागला, तेवढाच काय तो रक्तपात. पट्टा ओहायोला गेला. मोबदल्यात मिशिगनला उत्तरेकडील द्वीपकल्पाचा मोठा भाग आणि जानेवारी १८३७ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला. मात्र या वादातून फुटबॉलमधील वैर थेट जन्मले, हे मत स्वीकारणे अवघड आहे. ओहायो स्टेटची स्थापना १८७० ची, दोन्ही संघांचा पहिला सामना १८९७ चा. तो मिशिगनने ३४–० असा जिंकला. १९१९ पर्यंत ओहायो स्टेटच्या वाट्याला एकही विजय आला नाही, फक्त दोन बरोबऱ्या आल्या. इतक्या एकतर्फी लढतीला वैर म्हणणे कठीण. सीमावादाची आठवण पुढे चुरस वाढल्यावर या सामन्याला जोडली गेली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. चुरशीचा खरा आरंभ बहुधा १९१९ मध्ये, चिक हार्ली या खेळाडूच्या ओहायो स्टेट संघाने मिळवलेल्या १३–३ या विजयापासून धरावा लागेल. त्यानंतर दोन्ही विद्यापीठांनी बांधलेल्या भव्य क्रीडागारांच्या लोकार्पणाची लढतही परस्परांशीच झाली: ओहायो स्टेटच्या कोलंबस शहरात १९२२ मध्ये आणि ॲन आर्बर येथे १९२७ मध्ये. दोन्ही वेळा मिशिगन जिंकले.

१९३५ पासून हा सामना सामान्यतः नियमित मोसमाच्या अखेरीस होतो. २५ नोव्हेंबर १९५० ची कोलंबसमधील लढत हिमवादळात झाली. यार्डरेषा बर्फाखाली गेल्या होत्या. मिशिगनला संपूर्ण सामन्यात एकही फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकणे) मिळाला नाही, एकही पास पूर्ण झाला नाही. त्यांनी चोवीस वेळा पंट मारून, म्हणजे चेंडू लाथेने दूर पाठवून, तो प्रतिपक्षाच्या हवाली केला आणि तरीही सामना ९–३ असा जिंकला. असा निकाल या खेळाच्या इतिहासात विरळाच. ओहायो स्टेटच्या प्रशिक्षकांनी राजीनामा दिला आणि १९५१ मध्ये वूडी हेज त्यांच्या जागी आले.

१९६९ मध्ये हेज यांचेच जुने शिष्य व सहायक बो शेंबेकलर मिशिगनचे प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी अव्वल मानांकित ओहायो स्टेटला २४–१२ असे हरवले. १९७८ पर्यंतच्या दहा सामन्यांना ‘दहा वर्षांचे युद्ध’ म्हणतात. त्यांत मिशिगनने पाच जिंकले, चार गमावले, एक बरोबरीत सुटला. ही बरोबरी १९७३ ची, १०–१० अशी. दोन्ही संघ अपराजित होते आणि ‘रोझ बोल’ या मोसमानंतरच्या मानाच्या सामन्यासाठी बिग टेनचा एकच प्रतिनिधी निवडायचा होता. क्रीडासंचालकांच्या मतदानात कौल ओहायो स्टेटला मिळाला. मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, डेनिस फ्रँकलिन याचे गळपट्टीचे हाड मोडल्याने मते फिरली, असे सांगितले जाते. शेंबेकलर यांनी हा अन्याय अखेरपर्यंत मनात ठेवला, आणि निकाल मैदानाबाहेर लागला हे पाहता त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. १९७५ पासून संघटनेने एकाहून अधिक संघांना मोसमानंतरच्या अशा बोल सामन्यांत खेळू देण्यास सुरुवात केली.

१७ नोव्हेंबर २००६ रोजी शेंबेकलर यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी पहिल्या व दुसऱ्या मानांकनाच्या या दोन संघांत सामना झाला व ओहायो स्टेटने तो ४२–३९ असा जिंकला. २०२१ ते २०२४ असे सलग चार सामने मिशिगनने जिंकले. २०२० चा सामना कोविडमुळे रद्द झाला होता. २०२४ अखेर मिशिगनची आघाडी ६२–५१ अशी असून सहा सामने बरोबरीत आहेत. यात ओहायो स्टेटचा नंतर रद्दबातल ठरलेला २०१० चा विजय धरलेला नाही. मिशिगनला हरवणाऱ्या ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला विजारीच्या आकाराचे छोटे सोनेरी पदक देण्याची प्रथा १९३४ पासून आहे. सामन्याच्या आठवड्यात कोलंबसच्या विद्यापीठ परिसरातील फलकांवर ‘एम’ हे मिशिगनचे आद्याक्षर लाल फुलीने खोडले जाते.

मिनेसोटा व पाण्याची बरणी : महाविद्यालयीन फुटबॉलमधील जुन्या फिरत्या मानचिन्हांपैकी एक म्हणजे ‘लिटल ब्राउन जग’ ही पाच गॅलनची चिनी मातीची बरणी. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी मिनीॲपोलिस येथील सामना ६–६ असा बरोबरीत सुटला. १९०१ ते १९०५ या काळात मिशिगन ५६ सामने अपराजित राहिले, त्यांतील ही एकमेव बरोबरी. मिनेसोटाला तिचे अप्रूप का वाटले, हे यावरून कळते. मिशिगनची बरणी मैदानावरच राहिली. ती मिनेसोटाचे कर्मचारी ऑस्कर मन्सन यांना सापडली. तिच्यावर ‘ऑस्करने जिंकलेली बरणी’ अशा अर्थाचा मजकूर रंगवला गेला, त्यात मिनेसोटाचा ६ मोठा आणि मिशिगनचा ६ बारीक काढला.

बरणी का घेतली व का राहिली, याबद्दल एकवाक्यता नाही. प्रचलित कथेनुसार प्रतिपक्ष पाण्यात काही मिसळील अशी शंका मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांना आली, म्हणून संघाचे व्यवस्थापक टॉमी रॉबर्ट्स यांनी ती तीस सेंटना विकत आणली. काही जण ती गडबडीत विसरली गेली असे म्हणतात. रॉबर्ट्स यांनी उतारवयात दिलेल्या हकिगतीनुसार तिचे काम झाल्याने ती मुद्दामच सोडून दिली होती. हे निवेदन घटनेनंतर अर्धशतकाने आलेले असले, तरी खरेदी करणाऱ्या व्यक्तीचेच आहे; विसरल्याच्या कथेपेक्षा ते ग्राह्य धरायला हरकत नाही. बरणी मागणाऱ्या योस्ट यांना ‘हवी असेल तर जिंकून न्या’ असे उत्तर गेले, हा प्रसंग मात्र सावधपणे घ्यावा. १९०९ मध्ये मिशिगनने १५–६ असा विजय मिळवून ती नेली. १९१९ मध्ये मिनेसोटाने ३४–७ असे हरवून ती परत मिळवली. १९३१ मध्ये ती ॲन आर्बरमधून नाहीशी झाली आणि १९३३ मध्ये सापडली. सापडलेली बरणी मूळचीच का, असा प्रश्न अधूनमधून उपस्थित होतो. ती मूळचीच असल्याचे सामान्यतः मानले जाते. आज तिच्या एका बाजूस मिनेसोटाचा मरून, दुसऱ्या बाजूस मिशिगनचा निळा रंग असून मधल्या पट्ट्यांत निकाल लिहिलेले आहेत. २०२४ पासूनच्या बिग टेनच्या रचनेत ओहायो स्टेट व मिशिगन स्टेट यांच्याशी दरवर्षी सामना राखला आहे, मिनेसोटाशी नाही. एवढ्या जुन्या परंपरेला हा धक्काच आहे.

मिशिगन स्टेट : ईस्ट लॅन्सिंगच्या या विद्यापीठाशी पहिला सामना १८९८ मध्ये झाला. १९५३ मध्ये ते बिग टेनमध्ये खेळू लागले, तेव्हा राज्यपाल जी. मेनन विल्यम्स यांनी पॉल बनियन या लोककथेतील लाकूडतोड्याचा लाकडी पुतळा मानचिन्ह म्हणून दिला. १७ ऑक्टोबर २०१५ रोजी दहा सेकंद उरले असता मिशिगन २३–२१ असे पुढे होते. मिशिगनच्या खेळाडूच्या हातून पंट मारताना चेंडू निसटला, मिशिगन स्टेटच्या खेळाडूने तो पळवत नेला आणि शेवटच्या क्षणी निकाल २७–२३ असा उलटला.

नोत्र दाम : १८८७ मध्ये मिशिगनच्याच खेळाडूंनी इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे जाऊन नोत्र दामच्या विद्यार्थ्यांना खेळ शिकवला व ८–० असा विजय मिळवला. १९०९ मध्ये नोत्र दाम प्रथमच जिंकले. पुढच्या वर्षी खेळाडूंच्या पात्रतेवरून मिशिगनने सामना रद्द केला. त्यानंतर १९४२ व १९४३ चे सामने वगळता १९७८ पर्यंत ही लढत बंद राहिली. २०१४ नंतर ती पुन्हा खंडित झाली. २०१८ व २०१९ मध्ये दोन सामने झाले.

नॉर्थवेस्टर्न : २०२१ पासून विजेत्याला जॉर्ज जुएट यांच्या नावाचे मानचिन्ह दिले जाते. जुएट १८९० च्या दशकात दोन्ही विद्यापीठांकडून खेळले. ते मिशिगनचे पहिले कृष्णवर्णीय फुटबॉलपटू होत.