काराबाखमधलं 10 डिसेंबर: स्वातंत्र्याचं सार्वमत की घटनेचं?

नागोर्नो-काराबाख म्हणजे अझरबैजानमधला, तेव्हा आर्मेनियन बहुसंख्य असलेला प्रदेश. तिथं 10 डिसेंबरला सार्वमत झालं, एवढंच वाचलं तर घोळ नक्की. त्याच तारखेला तिथं दोनदा मतदान झालंय, 1991 मध्ये आणि 2006 मध्ये. पहिलं स्वातंत्र्यावर, दुसरं राज्यघटनेवर.

1991 मध्ये सोव्हिएत संघ शेवटच्या घटका मोजत होता. 26 नोव्हेंबरला अझरबैजानने काराबाखची स्वायत्तता रद्द केली आणि दोनच आठवड्यांत काराबाखची राजधानी स्टेपानाकर्तमधल्या आर्मेनियन नेतृत्वाने लोकांपुढे प्रश्न ठेवला: स्वतंत्र व्हायचं का? 99 टक्क्यांहून जास्त मतं 'हो'च्या बाजूने पडली. आकडा इतका एकतर्फी, कारण तिथल्या अझरबैजानी रहिवाशांनी बहिष्कार घातला होता.

2006 चा प्रश्न वरवर साधा: घटनेचा हा मसुदा मान्य आहे का? पण स्वतंत्र राज्य अस्तित्वात आहे हे त्यात आधीच गृहीत धरलेलं. 'नाही' म्हणणाऱ्यालाही फक्त मसुदाच नाकारता आला असता. होकार पुन्हा 98 टक्क्यांच्या आसपास. बहिष्काराचा मात्र या वेळी प्रश्नच आला नाही; 1990 च्या दशकातल्या युद्धात अझरबैजानी लोक तिथून विस्थापित झाले होते. माझ्या मते खरा फरक इथे आहे. 1991 मध्ये विरोधक मतदानापासून दूर राहिले, 2006 मध्ये ते त्या भूमीवरच नव्हते. टक्केवारी शेजारी शेजारी ठेवून हे कळत नाही.

बाहेरच्या जगासाठी दोन्हींचं वजन सारखंच, म्हणजे शून्य. खुद्द आर्मेनियानेही काराबाखला कधी औपचारिक मान्यता दिली नाही.

आतल्या कारभारात मात्र घटनेच्या मतदानाने खरोखर फरक पडला. 20 फेब्रुवारी 2017 ला नवी घटना मतदानाला आली. 'आर्त्साख' हे काराबाखचं आर्मेनियन नाव पुढे आलं, पंतप्रधानपद गेलं, सगळी सूत्रं राष्ट्राध्यक्षांकडे आली. (संक्रमणकाळाच्या तरतुदीमुळे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बाको साहाक्यान यांना 2020 पर्यंत पदावर राहता आलं, ही त्यातली सोयीची बाब.)

सप्टेंबर 2023 मध्ये अझरबैजानच्या हल्ल्यानंतर एक लाखाहून जास्त आर्मेनियन लोक घरं सोडून गेले. 1 जानेवारी 2024 पासून प्रजासत्ताक विसर्जित करण्याचा निर्णय राष्ट्राध्यक्ष साम्वेल शाहरामान्यान यांच्या हुकूमनाम्याने झाला. त्यावर मतदान झालं नाही.