स्टुडिओतील निगेटिव्हसंग्रह (सोलापूर)

गावातल्या धंदेवाईक छायाचित्रकाराने वर्षानुवर्षे साठवलेल्या काचा (काचेवरच्या निगेटिव्ह), फिल्म आणि गिऱ्हाइकांच्या नोंदवह्या यांचा एकत्रित साठा. तो इतिहासासाठी जमवलेला नसतो. ‘जादा कॉपी’ मागायला कुणी आले तर निगेटिव्ह हाताशी असावी, एवढाच हेतू. घरातले माणूस गेले की त्याच्या जुन्या पासपोर्ट फोटोवरूनच हार घालायची मोठी तसबीर करून घेतली जाई.

सोलापुरात 1877 साली जुनी मिल सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या, तेलंगणातून पद्मशाली विणकर येऊन पूर्व भागात स्थिरावले आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे गिऱ्हाईक एकाच बाकावर बसू लागले. नोंदवहीत एकच तेलुगू आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असू शकते. जसे कानावर पडले तसे लिहिले. विडी कामगारांच्या ओळखपत्रांनी आणि 1993 नंतर मतदार ओळखपत्रांनी फोटोची गरज घरोघर नेली. एरवी स्टुडिओची पायरी न चढणाऱ्या बायका त्यामुळे कॅमेऱ्यासमोर आल्या.

मात्र या साठ्यावरून शहर जसे होते तसे दिसते असे मानणे भाबडेपणाचे आहे. पैसे मोजले जात ते लग्न, निरोपसमारंभ, खात्याचा ग्रुप फोटो यांसाठी. मागावर वाकलेला विणकर किंवा सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई यांचा फोटो काढून घ्यायला कोण येणार? शिवाय चेहराही जसाच्या तसा नसे. सुरकुती निगेटिव्हवर फिकी रेघ म्हणून दिसते. तीत टोकदार शिसपेन्सिलीने बारीक रेघोट्या भरल्या की छापात ती मावळते. निगेटिव्ह उजेडात तिरकी धरली तर हे ‘टचिंग’ आजही चमकते.

सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. फिल्म धुण्याचे द्रावण कोमट झाले की तिच्यावरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, सुटतोही. अशा दिवसांत ट्रेभोवती बर्फ ठेवणे किंवा धुलाईचे काम रात्रीवर ढकलणे हाच उपाय. कोरडी हवा बुरशीला फारशी मानवत नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. ॲसिटेट या प्लास्टिकची फिल्म मात्र उष्णतेत लवकर खराब होते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. असा डबा लगेच बाकीच्यांपासून वेगळा करावा लागतो. थरातल्या चांदीपायी भंगारात गेलेल्या निगेटिव्हची गोष्टच वेगळी.

दुकान आवरताना काचा जपल्या जातात आणि वह्या रद्दीत जातात. खरे नुकसान तिथे होते. निगेटिव्हच्या कडेला खरवडलेला आकडा वहीशी जुळला तरच चेहऱ्याला नाव, पेठ आणि तारीख मिळते. वही नसेल तेव्हा मागच्या पडद्याचा आधार घेतात: तोच रंगवलेला खांब, तोच जिना, आणि कापडाची घडी पडून पडून खांबावर उमटलेली चीर. ती नसलेले फोटो आधीचे, लांबलेली दिसते ते नंतरचे.