पार्श्वभूमी : ठोकळ्यांच्या खेळात आराखडा काढायची सोय आली कुठून?

माइनक्राफ्ट या ठोकळे रचून जग उभारायच्या संगणकखेळात सरळ भिंत कुणीही उभारतं. गाडी अडते ती गोल बुरुजापाशी. ठोकळे चौकोनी, त्यामुळे कुठल्या ओळीत किती लावायचे हे मोजूनच ठरवावं लागतं. त्यासाठी चौकटीचा कागद आणि पेन्सिल घेऊन बसायचं, एका थराला एक पान, किंवा स्प्रेडशीटमधली घरं रंगवायची, ही साधी रीत. वर्तुळ आणि घुमट आखून देणारी छोटी साधनं आजही खूप शोधली जातात. त्यांच्यामागचा प्रश्न मात्र खेळापेक्षा पुष्कळ जुना आहे. पडद्यावरच्या चौकोनी ठिपक्यांतून गोलाई कशी आणायची, हाच तो प्रश्न. आयबीएममधल्या जॅक ब्रेझनहॅम यांनी सरळ रेषेची रीत १९६५ मध्ये छापली, वर्तुळाची १९७७ मध्ये.

मार्कुस पेर्सन यांचा हा खेळ मे २००९ मध्ये लोकांसमोर आला. आराखड्यासाठी त्यात काहीच नव्हतं. जे आलं ते खेळणाऱ्यांनीच बनवलं, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळही तिथेच आहे.

२०१० मध्ये दोन साधनं आली. एमसीएडिट खेळाबाहेर चाले: जतन केलेलं जग उघडायचं, डोंगर कापायचा, वाडा उचलून दुसरीकडे ठेवायचा. वर्ल्डएडिट खेळाच्या आतच चालतं. लाकडी कुऱ्हाडीने दोन कोपरे टिपायचे आणि मधला सगळा भाग आज्ञा देऊन भरायचा, पुसायचा किंवा त्याची नक्कल करायची. जगाचा कापलेला तुकडा साठवायला 'स्केमॅटिक' नावाची फाइल रूढ झाली. तिची रचना अगदी साधी होती. लांबी, रुंदी, उंची आणि मग प्रत्येक घरातल्या ठोकळ्याचा क्रमांक: दगड १, माती ३. फाइल छोटी आणि वाटायला सोपी, म्हणून तिचा प्रसार झपाट्याने झाला.

पण ही दोन्ही साधनं बांधकाम करून टाकतात. ज्याला स्वतःच्या हाताने बांधायचं आहे, त्याचं काय? त्याची सोय स्केमॅटिका या मॉडने, म्हणजे खेळाला बाहेरून जोडायच्या भरीने, केली. ते फाइलमधली इमारत मोकळ्या जागेवर अर्धपारदर्शक ठोकळ्यांनी दाखवतं आणि खेळाडू त्या छायेवर खरे ठोकळे लावत जातो. माझ्या मते आराखड्याचं सॉफ्टवेअर म्हणावं असं पहिलं साधन हेच, बाकीची कापाकापीची. पुढे लाइटमॅटिका आलं आणि आज बहुतेकांच्या तोंडी तेच नाव असतं. ते एकेक थर वेगळा दाखवतं, चुकीचा ठोकळा रंगाने दाखवून देतं आणि लागणाऱ्या सामानाची यादीही देतं. ही यादी फार कामाची. दुहेरी पेटीत ५४ खण, प्रत्येकात ६४ ठोकळे, म्हणजे एका पेटीत ३,४५६. किल्ल्याला अशा किती पेट्या दगड लागणार, हे आधी कळलं तर अर्धी दमछाक वाचते.

खेळाच्या कंपनीने २०१६ मध्ये बांधकाम साठवून दुसरीकडे उतरवणारा 'स्ट्रक्चर ब्लॉक' दिला खरा, पण त्याची मर्यादा आधी प्रत्येक बाजूला ३२ ठोकळे आणि नंतर ४८. झोपडीला पुरतो, किल्ल्याला नाही.

मग जुलै २०१८ मध्ये १.१३ ही आवृत्ती आली आणि ठोकळ्यांचे क्रमांक रद्द होऊन त्यांच्या जागी नावं आली. 'दगड म्हणजे १' हे ज्या फाइलीत लिहिलेलं होतं, ती नव्या खेळाच्या दृष्टीने जुन्या लिपीतली झाली. वर्ल्डएडिटने 'डॉट स्केम' ही नवी फाइल घेतली, लाइटमॅटिकाची 'डॉट लाइटमॅटिक' वेगळीच. एमसीएडिट मागे पडलं आणि ती जागा अॅम्युलेटने घेतली. म्हणून एखादी जुनी शिफारस वाचून साधन उतरवलं आणि ते चाललं नाही, तर बहुधा ते २०१८ च्या अलीकडचं की पलीकडचं, एवढाच प्रश्न असतो.

लेगोवाल्यांचा रस्ता यापेक्षा सरळ निघाला. जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये काढलेल्या एलड्रॉ या संगणकावर लेगो रचायच्या साधनामध्ये प्रत्येक विटेसाठी मजकुराची एक ओळ असते: रंग, जागा, दिशा आणि भागाचं नाव. क्रमांक बदलण्याचा अधिकार कुठल्या खेळाच्या कंपनीकडे नव्हता, त्यामुळे ती पद्धत आजही वापरात आहे.

माइनक्राफ्टच्या जुन्या स्केमॅटिक फाइलीही अगदीच वाया गेलेल्या नाहीत. अॅम्युलेट आणि लाइटमॅटिका त्या उघडून नव्या नावांत बदलून देतात. क्वचित एखादं दार उलटं लागतं, ते हाताने फिरवावं लागतं.