फक्त लिहिण्यापुरती मेमरी

'२५१२०' ही चिप कधीच बनली नाही, पण तिचं डेटाशीट, म्हणजे चिपची तांत्रिक माहिती देणारा कागद, मात्र बनलं, तेही अगदी नेटकं. कॅलिफोर्नियातल्या सिग्नेटिक्स कंपनीतला इंजिनिअर जॅक कर्टिस याने ते १९७२च्या सुमारास तयार केलं. चिपचा प्रकार: राइट-ओन्ली मेमरी. म्हणजे माहिती हवी तेवढी भरा, परत काही मिळणार नाही.

असली गंभीर चेहऱ्याची थट्टा करायची इंजिनिअरांची खोड जुनी आहे. १९४४ साली जॉन हेलिन्स क्विक याने ब्रिटनमधल्या विद्युत अभियंत्यांच्या विद्यार्थी-नियतकालिकात 'टर्बोएनकॅब्युलेटर' नावाच्या यंत्राचं वर्णन लिहिलं होतं. त्यातलं व्याकरण चोख, सूर गंभीर, पण अर्थ शून्य. १९६२ साली जनरल इलेक्ट्रिकच्या इंजिनिअरांनी त्याच यंत्राचं रीतसर डेटाशीटही काढलं.

पण क्विकचा विनोद शब्दांत होता, कर्टिसचा आकड्यांत. साधी व्यापारी चिप ० ते ७० अंश सेल्सिअसमध्ये चालते. ही चालणार ० ते उणे ७० मध्ये! बदल एका चिन्हाचाच; घाईत वाचणाऱ्याला तो दिसणारही नाही. विजेचा पुरवठा किती, तर ६.३ व्होल्ट एसी, म्हणजे जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हच्या फिलामेंटला लागतो तेवढा. आणखी एका पिनवर (चिपच्या धातूच्या पायावर) शून्य व्होल्ट, अधिक-उणे २ टक्के. (शून्याचे दोन टक्के किती, ते ज्याचं त्याने काढावं.) थंड ठेवायला सहा फुटी पंखा, चिपपासून अर्ध्या इंचावर. एक आलेख तर चिप सॉकेटमध्ये किती वेळा घातली आणि किती पिना शिल्लक राहिल्या याचा. ज्याने हाताने चिपा बसवल्या-काढल्या आहेत, त्याला हा आलेख थट्टा वाटणारच नाही.

प्रोग्रॅमर मंडळींत असं सांगतात, की स्पेसिफिकेशनवर सह्यांमागून सह्या होतात, वाचत कोणीच नाही, या वैतागातून हा कागद मंजुरीच्या गठ्ठ्यात सरकवला गेला आणि गिऱ्हाईकं भाव विचारू लागली तेव्हा साहेबांना पत्ता लागला. पुढे कंपनीने तोच कागद एप्रिल फूलची जाहिरात म्हणून मिरवला.

गंमत म्हणजे १९८२च्या कमोडोर ६४ संगणकातल्या 'सिड' या आवाजाच्या चिपमध्ये २९ पैकी २५ रजिस्टरांत, म्हणजे आकडे ठेवायच्या छोट्या कप्प्यांत, खरोखरच फक्त लिहिता येई, वाचता येत नसे. काय लिहिलं होतं हे लागलं तर प्रोग्रॅमरने त्याची प्रत स्वतःच मेमरीत वेगळी ठेवायची.